एक शेगडी, एक कुकर आणि रोजचाच भात

पत्र:

"ताई, मी करमाळ्याची, नोकरीसाठी सोलापुरात आलेय. जुळे सोलापुरात आम्ही तिघी रूम करून राहतो, एक इंडीची, एक देगलूरची. एकच शेगडी, पाच किलोचा सिलिंडर, तीन लिटरचा कुकर, फ्रिज नाही. घरमालकीण काकूंनी आधीच सांगितलंय की अंडं-मटण घरात चालणार नाही. कामावरून यायला साडेआठ होतात, मग भाकऱ्या थापायचं त्राण राहत नाही, म्हणून रोज भात. वरण-भात, फोडणीचा भात, मसालेभात, परत वरण-भात. वैताग आलाय. मोबाईलवर जगभरातले राइस बघते पण प्रत्येकात कुठला ना कुठला महागडा सॉस नाहीतर चीज असतंच. स्वस्तात होणारे, वेगवेगळ्या ठिकाणचे भात सांगा ना. आई गावाकडून रेशनचा तांदूळ पाठवते, त्यात प्लास्टिकचे दाणे असतात म्हणतात ते खरंय का? रात्री उरलेला भात सकाळी डब्यात नेला तर चालतो का? आणि आई रोज फोनवर ओरडते की नुसता भात खाऊन पोट सुटेल, तिला काय सांगू?"
भाताला कंटाळलेली, जुळे सोलापूर

उत्तर:

अगं, मोबाईलवर जगभर फिरायच्या आधी शेजारच्या गादीवर झोपणाऱ्या दोघींना विचारलंस का? एक इंडीची, एक देगलूरची, म्हणजे कर्नाटकाचा भात आणि तेलंगणाच्या शिवेवरचा भात तुझ्या रूमवर राहायलाच आलेत आणि तू म्हणतीस फोडणीचा भात खाऊन कंटाळले. इंडीच्या पोरीला म्हण आज चित्रान्ना कर. कढईत तेल, मोहरी तडतडली की उडदाची डाळ, हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे, हे सगळं लालसर होईपर्यंत थांबायचं, घाई केली की डाळ दातात येते. मग हिरवी मिरची, भरपूर कढीपत्ता, कांदा, हळद, मीठ, मोकळा भात, हलवायचा, गॅस बंद करायचा आणि मग लिंबू. गॅस चालू असताना लिंबू पिळलं की कडवट होतं, हे एवढं एकच पथ्य. तू म्हणशील हा आपला फोडणीचाच भात की, तर नाही, त्या डाळींचा कुरकुरीतपणा आणि वरून लिंबाचा आंबटपणा यानं जेवण पार बदलतं, करून बघ.

देगलूरच्या पोरीकडून पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, शिकून घे. सोलापुरात राहतीस आणि पुलिहोरा येत नाही म्हणजे काय, इथं पूर्व भागात अशोक चौक, कन्ना चौकाकडं तेलुगू घरं किती आहेत, यंत्रमागाच्या नादानं तिकडून आलेली माणसं पिढ्यान् पिढ्या इथली झालीत, भातही त्यांच्याबरोबरच आला. पुलिहोराचं खरं काम कोळात आहे. चिंच गरम पाण्यात भिजवून घट्ट कोळ काढायचा, जरा सढळ हातानं तेल घ्यायचं, त्यात मोहरी, सुक्या लाल मिरच्या, डाळी, शेंगदाणे, हिंग, हळद, मग कोळ आणि मीठ, आणि तेल बाजूला सुटेपर्यंत आटवायचं. थोडे भाजलेले तीळ आणि चार मेथीदाणे कुटून टाकले तर वासच वेगळा येतो. हा आटवलेला कोळ कोरड्या बरणीत भरून ठेवला की फ्रिज नसतानाही बरेच दिवस टिकतो, चमचा मात्र कोरडा पाहिजे. रविवारी एकदा करून ठेवा, मग आठवड्यात जेव्हा जीव नकोसा झालेला असेल तेव्हा परातीत भात पसरायचा, दोन चमचे कोळ कालवायचा, झालं. कामावरून दमून येणाऱ्या माणसासाठी याच्यापेक्षा सोपं जेवण मला तरी माहीत नाही.

आता जगाकडं जाऊ. तुला सॉस आणि चीज दिसतं कारण व्हिडिओवाले हॉटेलचे पदार्थ दाखवतात. गरिबाच्या घरी रोज शिजणारा भात बघितलास तर तो सगळीकडं जवळपास एकाच पद्धतीचा निघतो, तांदूळ, त्याच्या जोडीला कुठलंतरी कडधान्य, काहीतरी आंबट आणि वरून काहीतरी तळलेलं किंवा तिखट. बस. त्याला कारणही आहे, तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा घटक कमी पडतो तो डाळीत असतो आणि डाळीत मिथिओनिन नावाचा घटक कमी पडतो तो तांदळात असतो, दोन्ही मिळून पूर्ण होतं. कुणी प्रयोगशाळेत जाऊन हे शोधलं नव्हतं, दोन्ही एकत्र खाल्लं की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही एवढं लोकांना कळत होतं. आपली खिचडी बघ ना, इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आला तेव्हाही मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून लोक सकाळी खातात असं त्यानं लिहून ठेवलंय. तुला अंडं चालत नाही याचं काही वाईट वाटून घेऊ नको, आणि काकूंच्या चोरून आणायच्या भानगडीतही पडू नको, डाळ आणि शेंगदाणे आहेत तोवर तुझं काही अडत नाही.

सगळ्यात आधी मुजद्दरा कर. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, त्या भागातलं हे अगदी साधं जेवण, बगदादमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या पाककृतींतही आहे. लागतं काय तर तांदूळ, आख्खा मसूर, कांदा, तेल, जिरं, मीठ. एवढंच. पण कांदा खूप लागतो, तिघींना चार मोठे तरी घे, आणि कांद्याचं म्हणशील तर सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात, इथं कांद्याला कसली कंजुषी करायची. लांब उभा चिरून तेलात मध्यम आचेवर परतत राहायचं, गुलाबी नाही, लालही नाही, चांगला गडद तपकिरी व्हायला पाहिजे, वीस-पंचवीस मिनिटं जातात. हा कांदाच त्या भाताचा मसाला, त्याला दुसरा मसाला नाही. अर्धा कांदा काढून ठेवायचा, उरलेल्यात जिरेपूड, अर्धा तास भिजवलेला अर्धी वाटी मसूर, धुतलेला एक वाटी तांदूळ, तीन वाट्या पाणी, मीठ, कुकरला तीन शिट्ट्या. वाढताना वरून तो काढून ठेवलेला कांदा आणि बाजूला दही-काकडी. पहिल्या घासाला वाटेल की यात गरम मसाला नाही, लसूण नाही, काहीतरी राहिलंय, तिसऱ्या घासाला वाटत नाही. आणि मध्येच हात वळवळला तरी गरम मसाला टाकू नको बाई, टाकलास की ती आपली मसुरीची खिचडी झाली, तीही चांगलीच असते पण मग वेगळं काय खाल्लं?

याच मसूरभाताचा मोठा भाऊ म्हणजे इजिप्तची कोशरी. कैरोत गाड्यांवर आणि छोट्या दुकानांत मिळते, आपल्याकडं जशी भेळ मिळते तशी. खाली मसूर आणि भात, त्यावर उकडलेली मॅकरोनी, त्यावर छोले, त्यावर टोमॅटोचा पातळसर आंबट रस, लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि सगळ्यात वर तळलेला कुरकुरीत कांदा. ऐकायला विचित्र वाटतं, भातात मॅकरोनी, पण स्वस्त आणि पोटभरीचं म्हणून तिकडं पिढ्यांपासून चालत आलंय. खरं सांगायचं तर एका शेगडीवर कोशरी म्हणजे भांड्यांचा ढीग, रोजच्या दिवसाला हे काम नाही. पण रविवारी तिघी घरी असाल, एकजण कांदा तळतीय, एकजण टोमॅटोचा रस करतीय, तर मजा येते. व्हिनेगर आणायची गरज नाही, लिंबू चालतं. टोमॅटोच्या रसात लसूण आणि लाल तिखट चांगलं परतलं पाहिजे, ते कच्चट राहिलं तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

राजमा-चावल तुला माहीतच आहे, त्याच वळणाचं जेवण अमेरिकेच्या दक्षिणेत न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी करायची रीत आहे, कारण सोमवार हा कपडे धुवायचा दिवस, सकाळी लाल राजमा मंद आचेवर ठेवायचा आणि धुण्याला बसायचं, धुणं आवरेपर्यंत तो शिजून घट्ट व्हायचा. तुमच्याकडं कुकर आहे त्यामुळं धुणं-बिणं कशाशी जोडायची गरज नाही, पण राजमा रात्रभर भिजव, भिजवलेलं पाणी फेकून दे आणि कुकरमध्ये बोटानं चेपला की मोडेल इतका शिजव. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो, उलट्या-जुलाब होतात, ते त्याच्यातल्या एका विषारी घटकामुळं आणि तो चांगलं उकळल्यावरच जातो. निकाराग्वा आणि कोस्टारिकामध्ये असाच शिजवलेला घेवडा भातात परतून सकाळच्या नाश्त्याला खातात, गायो पिंतो म्हणतात त्याला, कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि शिजलेल्या घेवड्याचं ते काळपट पाणी थोडं, त्या पाण्यानं भाताला ठिपक्या ठिपक्यांचा रंग येतो. राजमा महाग वाटला तर हुलगा घे की. हुलग्याचं माडगं पिऊन मोठी झालेली असशील, भातात मात्र कुणी घालत नाही. तो कडक असतो, त्याला राजम्यापेक्षाही जास्त शिट्ट्या लागतात, पण भातात परतल्यावर जो खमंग लागतो ना, ते कोस्टारिकावाल्यांना मिळणार नाही.

आता तुला खास सोलापूरकरणीसाठी एक गंमत सांगते. घानामध्ये वाचे नावाचा भात करतात, चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवलेला, सकाळी रस्त्यावर मोठमोठ्या भांड्यांतून विकतात. त्याला लालसर तपकिरी रंग येतो तो कशानं, तर ज्वारीच्या ताटाच्या वाळलेल्या पानांनी! भात शिजताना ती पानं भांड्यात टाकतात आणि नंतर काढून फेकतात. आपण मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं कौतुक करायचं, तिला जीआय, म्हणजे त्याच गावचा माल असा सरकारी शिक्का, मिळालं म्हणून मिरवायचं आणि पानं सरळ जनावरापुढं टाकायची, आणि तिकडं आफ्रिकेत त्याच पिकाची पानं भातात पडतात. पण म्हणून करमाळ्याहून कडबा मागवू नकोस हं, त्यांची जात वेगळी, लाल पानांची, आणि आपल्याकडं कोवळ्या ज्वारीनं जनावराला विषबाधा होते हे तुझ्या वडलांना विचार. तू पानांशिवाय कर, रंग नाही आला तरी चव येते. चवळी तीन-चार तास भिजवून आधी अर्धवट शिजवून घ्यायची, मग त्याच पाण्यात तांदूळ. ते लोक बरोबर झणझणीत मिरचीचं काळं तेलकट तिखट घेतात, त्यात सुकी मासळी असते, ते आपल्याला नको. त्याच्या जागी शेंगाचटणी. सोलापुरात बसून शेंगाचटणी कशावर चालते हे मी सांगायची गरज नाही, ती कशावर चालत नाही तेच सांगायला लागेल.

आफ्रिकेचा दुसरा प्रसिद्ध भात जोलोफ, नायजेरिया आणि घानावाले त्याच्यावरून इंटरनेटवर कायम भांडत असतात की आमचा भारी का तुमचा. टोमॅटो, लाल मिरची, कांदा वाटून तेलात तेल सुटेपर्यंत परतायचा आणि त्यात तांदूळ शिजवायचा. टोमॅटो महाग असताना याच्या वाटेला जाऊ नको, पण ज्या आठवड्यात मंडईत टोमॅटो मातीमोल झालेला असतो आणि भाजीवाली पाटीच घेऊन जा म्हणते त्या आठवड्यात हाच करायचा. खाली जरा करपला तरी घाबरू नको, तो किंचित धुरकट वास त्यांना मुद्दाम हवा असतो.

चायनीज गाडीवरच्या शेजवान राइसचा नाद मात्र सोड, तो चीनचाही नाही आणि स्वस्तही नाही, आणि ती पाकिटं आणून घरी केला तर नुसतं मीठ खाल्ल्यासारखं. त्यापेक्षा इंडोनेशियाचा नासी गोरेंग बघ. त्यांचा सोया सॉस गोड आणि घट्ट असतो, तो इथं महाग मिळेल, पण साधा सोया सॉस आणि तेवढाच गूळ एकत्र उकळून घट्ट केला की काम होतं. लसूण, कांदा, लाल मिरची वाटून परतायची, कोबी-गाजर असेल ते, भात, हा गुळाचा सॉस, आणि जोडीला पापड भाजून. तिकडं वर अंडं घालतात, तू शेंगदाणे घाल. सोया सॉसची छोटी बाटली महिनाभर पुरते.

आजारी असशील, ताप-खोकला असेल किंवा महिनाअखेर असेल त्या दिवशी चिनी पद्धतीची पेज. एक वाटी तांदळाला आठ-नऊ वाट्या पाणी, आल्याचा तुकडा, मीठ, आणि तांदूळ विरघळेपर्यंत शिजू द्यायचं. आपल्या पेजेसारखीच, फरक एवढाच की ते लोक तिला आजाऱ्याचं जेवण समजत नाहीत, रोज सकाळी खातात आणि वर चवीला खारवलेली भाजी, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे असं घालतात. इथं कणी वापर, म्हणजे तुकडा तांदूळ, किराणा दुकानात निम्म्याच्या आसपास भावात मिळतो आणि लवकर शिजतो. वर तळलेले शेंगदाणे आणि लोणच्याचा खार. आधी नाक मुरडशील, नंतर मागून घेशील.

तांदळाचं विचारलंस म्हणून सांगते, रेशनच्या तांदळात प्लास्टिक नसतं. गेल्या काही वर्षांत सरकारी तांदळात फोर्टिफाइड दाणे मिसळले गेलेत, २०२१ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी तशी घोषणा केली होती. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात आणि शंभर किलो साध्या तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. ते दाणे जरा वेगळे दिसतात, कधी धुताना वर तरंगतात, म्हणून बायका वेचून फेकतात. फेकू नको, तिघीही कामावर जाणाऱ्या पोरी, रक्त वाढवणारं जे आहे तेच तुम्ही कचऱ्यात टाकायलात. हलक्या हातानं एक-दोनदा धुवायचा, चोळून चोळून पाच पाण्यांनी नाही. रेशनचा तांदूळ जरा जाड असतो, वास येतो, पण मुजद्दरा, वाचे, राजमा यांना तो एकदम चालतो कारण तिथं कांदा नाहीतर कडधान्य पुढं असतं. चित्रान्ना, पुलिहोरासाठी जुना कोलम किलोभर आणून ठेव, जुना तांदूळ मोकळा होतो, नवा चिकटतो. बासमतीवर पैसे घालू नको. आणि कुठलाही असू दे, वीस मिनिटं भिजवून मगच कुकर लावायचा, गॅस कमी लागतो, पाच किलोचा सिलिंडर किती दिवस पुरवायचा हे तुमच्याच हातात आहे.

उरलेल्या भाताचं मात्र नीट ऐक, हे मी गंमतीनं सांगत नाहीये. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही असं विष सोडतात जे परत गरम करूनही जात नाही. म्हणजे सकाळी कडकडीत फोडणी दिली की सगळं मरतं हा समज चुकीचा. फ्रिज असेल तर तासाभरात गार करून आत टाकायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा. तुमच्याकडं फ्रिज नाही आणि सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे रात्री अकरालाही भिंती गरम लागतात. तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचा भात झाकून ठेवून सकाळी डब्यात न्यायचा नाही, विषय संपला. थंडीच्या दिवसांत आपल्या घराघरात शिळ्या भाताला फोडणी पडते हे मला माहीत आहे, पण तू विचारतीस म्हणून सांगते, मापातच शिजव, तिघींना दोन वाट्या तांदूळ पुरतो. ज्यांना मोकळा गार भात लागतो त्या वरच्या पदार्थांसाठी ताजा भात परातीत पसरून फॅनखाली अर्धा तास ठेवला तरी भागतं.

मग भात पाण्यात ठेवायची जी पद्धत आहे ती कशी काय, असं विचारशील. ओडिशात पखाळ, बंगालमध्ये पांता भात, आसामात पोइता भात, तमिळनाडूत पळय सोरू, भात उगवतो तिथं उन्हाळ्यात हे असतंच. पुरीच्या जगन्नाथालाही पखाळाचा नैवेद्य असतो आणि ओडिशात २० मार्चला पखाळ दिवस म्हणून साजरा करतात. भात पाण्यात बुडलेला असला की तो आंबायला लागतो, दह्याला विरजण लागावं तसंच, आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंचं फारसं चालत नाही. पण करायचं तर नीट करायचं, भात शिजल्यावर लगेच पसरून पूर्ण गार, स्वच्छ भांडं, प्यायचं गार पाणी भातावर दोन बोटं येईल इतकं, आणि त्या पाण्यात सुरुवातीलाच दोन चमचे ताजं दही कालवायचं म्हणजे आंबायला लगेच सुरुवात होते. पातळ फडकं बांधून ठेवायचं, सकाळी लवकर खायचं, दुपारच्या डब्यात नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत तर नाहीच. सुखद आंबट वास आला तर ठीक, तार सुटली, बुळबुळीत झाला, वास बदलला तर चव बघत बसायचं नाही, फेकून द्यायचा. बरोबर कच्चा कांदा, हिरवी मिरची, भाजलेलं वांगं नाहीतर कुरकुरीत बटाटा, वरून कढीपत्त्याची फोडणी. बेचाळीस डिग्रीत घराबाहेर पडायच्या आधी हे पोटात गेलं ना तर दुपारपर्यंत बरं वाटतं. नसेल जमत तर सोड, तब्येत नाजूक असेल तर करूच नको.

डब्यासाठी उन्हाळ्यात दोनच गोष्टी चांगल्या. एक पुलिहोरा, सकाळी ताज्या भातात कालवून. दुसरा दहीभात, पण दही कमी दूध जास्त. भात मऊ शिजवून घोटायचा, कोमट झाला की दूध भरपूर आणि दही फक्त एक-दीड चमचा, मीठ, आल्याचा कीस, मोहरी-मिरचीची फोडणी. आठला डबा भरलास तर एक वाजेपर्यंत डब्यातच दही लागतं, आंबट ढाण होत नाही. इंडीच्या मैत्रिणीला हे माहीत असणार, मोसरन्नाशिवाय, म्हणजे या दहीभाताशिवाय, तिकडं जेवण संपत नाही.

राहिली आई. आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भातानं पोट सुटत नाही, ताटभर भात आणि त्यावर चमचाभर वरण याच्यानं सुटतं, भूक लवकर लागते मग मध्ये वडापाव. वर सांगितलेल्या मसूर, राजमा, चवळीच्या भातांत कडधान्य भरपूर असतं, त्यामुळं थोड्यात पोट भरतं. चित्रान्ना, पुलिहोरा केलास त्या दिवशी वाटीभर आमटी नाहीतर उसळ बाजूला घेत जा, नुसता भात नको. आणि भाकरीसाठी तुला थापायला कुणी सांगितलंय? सोलापुरात राहतीस, कडक भाकरीचं पाकीट घेऊन ये, कितीतरी दिवस टिकते, आमटीत चुरायची, दही-शेंगाचटणीबरोबर खायची, ना गॅस ना पीठ. आठवड्यातले दोन-तीन दिवस ते. आणखी एक कर, पुढच्या खेपेला आईला सांग तांदळाबरोबर ज्वारीच्या कण्या भरडून पाठव. रात्री भिजवून कुकरला पाच-सहा शिट्ट्या, वर ताक आणि लसणाची फोडणी, भातासारखंच खायचं पण ज्वारी. हे सांगितलंस की ती दोन दिवस तरी ओरडणार नाही, उलट कण्या जाड ठेवू का बारीक ते विचारायला स्वतःच फोन करेल. जाड सांग, बारीकची लापशी होते.